नाकाचं हाड, अर्धशिशी आणि भिंतीवरचं कॅलेंडर: एक प्रकरण

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. वय ३६, एसटीत वाहक, दोन मुलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) फाईल टेबलावर ठेवता ठेवताच बाई म्हणाल्या, "नाकाचं हाड वाढलंय, डॉक्टर. उन्हाळ्याची गर्दी सुरू व्हायच्या आत ऑपरेशन करून टाका. नंतर रजा मिळत नाही."

निदान झालेलं, उपचार ठरलेला, तारीखही जवळपास ठरलेली. माझ्याकडून फक्त हात हवे होते.

फाईल जाडजूड होती. आठ वर्षांची डोकेदुखी. वर्षभरात अँटिबायोटिकचे तीन कोर्स, प्रत्येक वेळी 'सायनस' म्हणून. दोनदा चष्म्याचा नंबर तपासलेला, एकदा दात. सर्वांत वर सीटी स्कॅनचा रिपोर्ट आणि त्यातल्या एका ओळीखाली लाल पेनानं रेघ: नाकाचा पडदा डावीकडे वाकलेला, त्यावर हाडाचा काटा, तो मधल्या टर्बिनेटला (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरून आत लोंबणारी, आवरणानं झाकलेली हाडाची घडी) टेकलेला. रेघ कुणी मारली होती ते मी विचारलं नाही. पण त्याच रिपोर्टमध्ये दोन ओळी खाली, रेघ न मारलेलं एक वाक्य होतं. गालातले, कपाळातले, डोळ्यांमधले, मागचे असे सगळे सायनस स्वच्छ, हवेनं भरलेले. ज्या आजारावर वर्षभर अँटिबायोटिक चाललं होतं तो आजार स्कॅनमध्ये कुठेच नव्हता.

आपल्याकडे कपाळ दुखलं की 'सायनस आहे' म्हणायची पद्धत पडली आहे. सायनस म्हणजे हाडातली पोकळी. ती प्रत्येकाला असते. आजार असेल तर तो सूज किंवा जंतुसंसर्ग, आणि त्यात नाक चोंदणं, घट्ट पिवळा शेंबूड, वास न येणं यांपैकी काहीतरी असतंच. अमेरिकेत २००४ मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. 'मला सायनसची डोकेदुखी आहे' असं सांगणाऱ्या, पण जंतुसंसर्गाची खूण नसलेल्या २,९९१ जणांना नीट प्रश्न विचारले, तर ८८ टक्क्यांची डोकेदुखी अर्धशिशीच्या जातीची निघाली. गफलत होण्याचं कारण साधं आहे. अर्धशिशीच्या झटक्यातही नाक चोंदतं, डोळ्यातून पाणी येतं. नाकाला आणि डोक्याच्या आवरणाला संवेदना पुरवणारी नस एकच आहे, पाचवी, ट्रायजेमिनल. ती चिडली की नाकही गळतं आणि भुवईही ठणकते. आधी काय आणि मागून काय हे रुग्णाला कळत नाही.

"हाड वाढलंय" याबद्दलही थोडं. हाड वाढत नसतं. नाकाचा पडदा पुढे कूर्चेचा आणि मागे दोन पातळ हाडांचा असतो. वाढीच्या वयात या तुकड्यांचा वेग जुळला नाही, किंवा लहानपणी नाकावर आपटलं, की सांध्यापाशी पडदा एका बाजूला दुमडतो आणि तिथे कडा किंवा काटा तयार होतो. पूर्ण सरळ पडदा असलेली माणसं कमीच. या बाईंचा काटा बहुधा त्यांच्या शाळेच्या दिवसांपासून तिथेच होता. डोकं मात्र दुसऱ्या बाळंतपणानंतर दुखायला लागलं. वीस वर्षं गप्प बसलेला काटा एकाएकी बोलायला का लागला, हा प्रश्न मला पहिल्या भेटीतच पडला होता.

मी विचारलं, "ताई, दुखतं म्हणजे कसं दुखतं?"

"कसं म्हणजे? डोकं दुखतं."

अर्धा तास बोलल्यावर हळूहळू उलगडलं. एक दुखणं डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या मुळाशी. बोट ठेवून दाखवण्यासारखं, जड, खुपल्यासारखं. सर्दीत, धुळीत, डावीकडे कुशीवर झोपल्यावर जास्त. ते घेऊन काम होतं. तिकीट फाडता येतं, हिशोब जुळवता येतो. दुसरं वेगळं. ते कधी डावीकडे, कधी उजवीकडे, घणासारखं ठणकणारं. त्यात उजेड सहन होत नाही, कंडक्टरची घंटी स्वतःच वाजवायची आणि तो आवाज स्वतःच्याच कवटीत घुमायचा. उलटी झाली की उतार पडायचा. पाळीच्या आधी हमखास, आणि मुक्कामाची गाडी करून आलं की दुसऱ्या दिवशी. सासूबाई त्याला सरळ 'अर्धशिशी' म्हणत आणि वेखंडाचा लेप लावत. सासूबाईंचं निदान फाईलमधल्या कुठल्याही कागदापेक्षा नेमकं होतं.

आठ वर्षांत ही दोन दुखणी एकमेकांत इतकी कालवली गेली होती की बाईंना ते एकच वाटत होतं.

आणि यावर गोळ्या. औषधाच्या दुकानातून मिळणारी, दोन-तीन औषधं एकत्र असलेली वेदनाशामक गोळी, महिन्यातले वीसेक दिवस. पर्समध्ये नाकात टाकायच्या थेंबांची बाटली, दोन वर्षांपासून रोज रात्री. दोन्हींचा हिशोब वाईट असतो. अशी मिश्र गोळी महिन्यात दहा किंवा अधिक दिवस, सलग तीन महिन्यांपेक्षा जास्त घेतली की गोळीच डोकं दुखवायला लागते. नाक मोकळं करणारे थेंब आठवडाभराच्या पुढे चालू ठेवले की असर संपताच नाकातलं आवरण आधीपेक्षा जास्त सुजतं. सुजलेलं टर्बिनेट काट्यावर आणखी दाबलं जातं. म्हणजे काटा गप्प होता तो का बोलायला लागला, याचं किमान अर्धं उत्तर पर्समध्येच होतं.

मी सांगितलं, "आत्ता ऑपरेशन नाही."

त्या रागावल्या. राग स्वाभाविक होता. दुसऱ्या ठिकाणी त्यांना पुढच्या आठवड्याची तारीख मिळत होती. मी काम तेवढं दिलं: भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करायची. डोळ्याच्या कोपऱ्यातलं जड दुखणं असेल त्या तारखेला गोल, ठणका आणि मळमळ असेल तर फुली, गोळी घेतली तर तारखेखाली रेघ. थेंब बंद. त्याजागी स्टिरॉइडचा स्प्रे, मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुणं. गोळ्यांसाठी न्यूरॉलॉजिस्टकडे चिठ्ठी. "गोळ्या सोडताना पहिले दहा-पंधरा दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखेल," हेही सांगितलं, कारण ते आधी सांगितलं नाही तर माणूस चौथ्या दिवशी पुन्हा गोळी घेतो आणि डॉक्टरला शिव्या देतो.

मला वाटलं, बाई काही परत येत नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या आल्या. हातात गुंडाळी केलेलं कॅलेंडर, दुधाचा हिशोब आणि गॅसच्या नंबराच्या तारखेसकट. फेब्रुवारीची पानं रेघांनी आणि खुणांनी भरलेली. मार्चमध्ये रेघा विरळ. न्यूरॉलॉजिस्टनं अर्धशिशीसाठी रोजची गोळी सुरू केली होती. एप्रिलपासून फुल्या महिन्यात सहा-सात दिवसांवरून तीनवर आल्या होत्या. गोल मात्र हटले नव्हते. स्प्रेनं थोडे कमी झाले, पण मे महिन्यातही बारा-तेरा गोल होते, सगळे डावीकडचे. म्हणजे चिखल खाली बसल्यावर तळाशी काहीतरी खरोखर होतं.

आता दुर्बीण. चार मिलिमीटरची, टोकाशी तीस अंशांचा कोन असलेली. डाव्या नाकात आत गेल्यावर पडद्याच्या मागच्या भागात, जिथे खालचं आणि वरचं हाड मिळतं तिथे, काटा दिसला. बोथट नव्हता. मधल्या टर्बिनेटमध्ये त्यानं चक्क खळगा पाडला होता. आवरण आकसवणारं औषध लावून दहा मिनिटं थांबलो, तरी दोघांमध्ये फट पडली नाही. हे महत्त्वाचं, सूज असताना कुणाच्याही नाकात काहीही कशालाही टेकलेलं दिसतं.

पण टेकलेलं असणं म्हणजे दुखण्याचं कारण असणं नव्हे. ज्यांचं डोकं कधीच दुखत नाही अशांच्या नाकातही असे टेकलेले काटे सापडतात. काहींचा काटा डावीकडे असतो आणि डोकं उजवीकडे दुखतं. या विषयातला वाद जुना आहे. १९४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हॅरॉल्ड वुल्फ आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या नाकात वेगवेगळ्या जागी सळईनं आणि विजेच्या सौम्य धक्क्यानं टोचून पाहिलं आणि वेदना चेहऱ्यावर कुठे उमटते याचे नकाशे काढले. सायनसच्या आतल्या अस्तरापेक्षा टर्बिनेट आणि सायनसची तोंडं कितीतरी जास्त दुखतात, आणि वेदना तिथे न जाणवता डोळ्याभोवती, गालावर, दाढेत जाणवते, हे त्यातून दिसलं. १९८८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या श्टामबर्गर आणि वोल्फ यांनी दोन आवरणं एकमेकांना दाबतात तिथे नसांच्या टोकांतून 'सबस्टन्स पी' नावाचं वेदनेचं रसायन सुटतं, अशी मांडणी केली. मांडणी पटण्यासारखी आहे. मात्र आंतरराष्ट्रीय डोकेदुखी वर्गीकरणानं या डोकेदुखीला अजून मुख्य यादीत घेतलेलं नाही. ती परिशिष्टात आहे, 'आणखी पुरावा हवा' या रांगेत. मला ती जागा योग्य वाटते. शस्त्रक्रियेचे बहुतेक अहवाल छोट्या गटांचे आहेत, तुलनेला दुसरा गट नसलेले, आणि नाकावर काहीही केलं तरी पहिले काही महिने बरं वाटणारे रुग्ण प्रत्येक सर्जननं पाहिलेले असतात.

म्हणून चाचणी. तत्त्व सोपं आहे: दुखत असताना टेकलेल्या जागी बधिर करणारं औषध लावायचं, पाच मिनिटांत दुखणं गेलं तर संशय बळावतो. करायला मात्र अवघड, कारण रुग्णानं दुखत असतानाच यायला हवं आणि गोळी न घेता यायला हवं. बाईंचं आगार माझ्या दवाखान्यापासून रिक्षानं दहा मिनिटांवर, म्हणून हे जमलं. "दुखायला लागलं की फोन करा आणि या. रांगेत बसायचं नाही."

पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा गोलवालं दुखणं होतं, दहापैकी सात. मी आधी नुसत्या सलाईनमध्ये भिजवलेला कापसाचा तुकडा काट्याशी ठेवला. काय ठेवलंय ते सांगितलं नाही. पाच मिनिटांनी, "सातच." मग तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, ४ टक्के लिग्नोकेनमध्ये (हेच ते बधिर करणारं औषध) भिजवून पिळलेला, बरोबर काटा आणि टर्बिनेट यांच्या मध्ये. चौथ्या मिनिटाला त्या गप्प झाल्या. मग डोळा मिचकावून पाहिला. "एक. एकसुद्धा नाही म्हटलं तरी चालेल."

तुकडा इतका लहान का, हे सांगायला हवं. नाकभर लिग्नोकेन फवारलं तर ते मागे वाहत जाऊन मधल्या टर्बिनेटच्या शेपटामागच्या नसांच्या गाठीपर्यंत पोचतं. ती गाठ बधिर झाली की अर्धशिशीचा झटकाही उतरू शकतो. तसे प्रयोगही झालेले आहेत. मग चाचणी 'होकारार्थी' येते आणि ऑपरेशन भलत्याच दुखण्यासाठी होतं. फवारा मारून 'बघा, गेलं ना?' म्हणणारी चाचणी मी मोजत नाही.

दहा दिवसांनी पुन्हा गोल, पुन्हा तोच निकाल. पण माझा निर्णय झाला तो तिसऱ्या भेटीत. त्या दिवशी फुली होती. दवाखान्यातले दिवे बंद करून त्यांना आत घ्यावं लागलं. तोच तुकडा, तीच जागा, तेच औषध. दहा मिनिटं झाली. "काय नाही डॉक्टर. तसंच ठोकतंय." तपासणी फसल्याचा मला इतका आनंद क्वचितच झाला असेल.

ऑपरेशनआधीचं बोलणं नवऱ्यासमोर झालं, कॅलेंडर मध्ये पसरून. मी म्हटलं, "गोल जातील असं मला वाटतं. खात्री देत नाही. फुल्या राहणार. त्यांचं औषध चालू ठेवायचं." नवरा म्हणाला, "म्हणजे ऑपरेशन करूनपण डोकं दुखणार?" मी हो म्हटलं. बाई हसून म्हणाल्या, "मग अर्ध्या पैशात करा की." धोकेही सांगितले: रक्तस्राव, पडद्यात रक्त साकळणं, पडद्याला भोक पडणं, आवरणं एकमेकांना चिकटणं, आणि क्वचित मेंदूभोवतीच्या पाण्याची गळती. पुन्हा एकदा विचार करायला आठ दिवस दिले. त्या चौथ्या दिवशी हजर. गणपतीच्या जादा गाड्या सुरू व्हायच्या आत कामावर जायचं होतं.

जुलैच्या शेवटी ऑपरेशन झालं, पूर्ण भूल देऊन. सगळा पडदा सरळ करायच्या भानगडीत मी पडलो नाही. पुढचा भाग जरासा वाकडा होता, पण श्वासाची तक्रार नव्हती. दुर्बिणीतून थेट काट्याच्या पुढे सेंटिमीटरभर चीर घेतली. एक लाख भागांत एक भाग अॅड्रेनलीन मिसळलेलं लिग्नोकेन आधीच टोचलेलं असल्यानं मैदान कोरडं होतं. सक्शन जोडलेल्या, आवरण उचलायच्या हत्यारानं हाडावरचं आवरण वेगळं करत गेलो. काट्याच्या टोकावर हे आवरण फुग्याच्या रबरासारखं ताणलेलं असतं, तिथे ते फाटतं. घाईनं फाटतं आणि सावकाशीनंही फाटतं. इथेही डावीकडे तीनेक मिलिमीटर फाटलं. उजव्या बाजूचं आवरण अखंड होतं, तेवढ्यानं भोक टळतं. समोरासमोर दोन्ही फाटली तरच पंचाईत. मग बारीक छिन्नीनं मुळाशी दोन हलके ठोके, हाडाला पीळ न देता, कारण वरचं हाड थेट मेंदूच्या तळाच्या पातळ पत्र्याला जोडलेलं आहे आणि पिरगाळलं तर तडा वर जातो. काटा निघाला: दीड सेंटिमीटरचा, हरभऱ्याच्या डाळीपेक्षा मोठा. टर्बिनेटमधला खळगा तसाच दिसत होता, आता समोर कुणी नसलेला.

अशा वेळी एक मोह होतो. आत गेलोच आहोत तर टर्बिनेट थोडं कापावं, सायनसची तोंडं रुंद करावीत. बिलही वाढतं. स्कॅनमध्ये सायनस स्वच्छ होते, म्हणून मी त्यांना हात लावला नाही. टर्बिनेट नाकातली हवा ओली आणि कोमट करतं. ते जास्त कापलेल्या माणसाला नाक मोकळं असूनही श्वास मिळाल्यासारखा वाटत नाही, आणि त्या तक्रारीवर माझ्याकडे इलाज नाही.

बाईंना सगळ्यात मोठी भीती ऑपरेशननंतर नाकात भरायच्या बोळ्यांची होती. आगारातल्या कुणीतरी सांगितलं होतं की बोळे काढताना जीव डोळ्यांत येतो. ते खोटं नाही. इथे बोळे घातले नाहीत. विरघळणाऱ्या धाग्यानं पडद्याची दोन्ही आवरणं गोधडीसारखी आरपार टाचली आणि डावीकडे सिलिकॉनची पातळ पट्टी आठवडाभर ठेवली. दुसऱ्या दिवशी घरी. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून, वजन उचलायचं नाही, मिठाच्या पाण्यानं दिवसातून चारदा धुवायचं.

पहिल्या आठवड्यात डोकं आधीपेक्षा जास्त दुखलं. सूज होती. सासूबाईंनी शेजारी सांगूनही टाकलं की पैसे पाण्यात गेले. पट्टी काढल्यावर उतार पडला. तिसऱ्या आठवड्यात काट्याच्या जागी खपली आणि टर्बिनेटला चिकटू पाहणारा एक तंतू दिसला. तो तिथेच बधिर करून मोकळा केला. चौथ्या आठवड्यात कामावर.

मी गोल मोजायला घाई केली नाही. तीन महिन्यांचा आनंद कुणालाही होतो. कॅलेंडर बदललं, नव्या वर्षाचं आलं, खुणा चालू राहिल्या. वर्षभरानंतरचा हिशोब असा: गोल एकूण सात, सातही दोन मोठ्या सर्दींच्या दिवसांतले, आणि दुर्बिणीत काटा-टर्बिनेटमध्ये आता चांगली फट. फुल्या महिन्याला दोन-तीन, जवळपास ऑपरेशनच्या आधी होत्या तितक्याच. रोजची गोळी न्यूरॉलॉजिस्टनं कमी करून पाहिली तेव्हा त्या पाचवर गेल्या, म्हणून पुन्हा वाढवली. मुक्कामाच्या गाड्या अर्ज करून कमी करून घेतल्या, त्याचा फुल्यांवर झालेला परिणाम माझ्या छिन्नीपेक्षा मोठा होता. वेदनाशामक गोळीच्या रेघा महिन्याला तीन-चार.

यात एक गोष्ट मला अजून नीट सुटलेली नाही. लिग्नोकेननं फुली उतरली नाही, हे बरोबर. पण ऑपरेशननंतर दोन महिने फुल्याही बंद होत्या, एकही नाही. मग त्या परत आल्या. काट्याची सततची टोचणी थांबल्यानं नस शांत झाली होती, की रजा, झोप आणि घरच्यांनी हातात आणून दिलेला चहा? दोन्ही उत्तरं शक्य आहेत. त्या दोन महिन्यांनंतर मी रुग्णाला पाहणं थांबवलं असतं, तर 'अर्धशिशी ऑपरेशननं बरी झाली' असं प्रकरण याच जागी लिहिलं असतं.

गेल्या महिन्यात त्यांनी त्यांच्याच आगारातल्या एका चालकाला पाठवलं. तीच लाल रेघ, तसाच काटा, तोही डावीकडे. पण त्यांचं दुखणं उजव्या कानशिलात, संध्याकाळी, पट्टा आवळल्यासारखं, आणि काट्याशी लिग्नोकेनचा तुकडा ठेवला तेव्हा काहीही बदललं नाही. त्यांचा रक्तदाब १७०/१०४ होता. तो मोजायचं आधी कुणाला सुचलं नव्हतं. मी त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. जाताना ते जरा नाराज दिसले. बाईंचं केलं आणि यांचं का नाही, असं त्यांना वाटलं असावं.